गोल्डन रिट्रीव्हर घरी आणायचाय? पिल्लाआधी त्याची आई पाहा

तेरा वर्षांपूर्वी आम्ही आमचं पहिलं गोल्डन आणलं ते मोबाइलवरचा फोटो पाहून. पुणे-मुंबई रस्त्यावरच्या एका हॉटेलच्या पार्किंगमध्ये एक माणूस भेटला, त्याने गाडीच्या डिकीतला खोका उघडला आणि पिल्लू माझ्या हातात दिलं. "पंचेचाळीस दिवसांचं आहे ताई, पहिली लस झालीय." दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी त्याचे दात पाहिले आणि म्हणाले, जेमतेम पस्तीस दिवसांचं असेल. चौथ्या दिवशी उलट्या सुरू झाल्या, मग रक्ताचे जुलाब. पार्व्हो होता, म्हणजे पिल्लांच्या आतड्यांना होणारा विषाणूचा संसर्ग. सहाव्या दिवशी ते गेलं. माझ्या सात वर्षांच्या मुलीने त्याच्यासाठी आणलेला लाल पट्टा अजून कपाटात आहे.

पार्व्होची लागण झाल्यावर लक्षणं दिसायला साधारण तीन ते सात दिवस जातात. म्हणजे ते पिल्लू खोक्यातून बाहेर आलं तेव्हाच त्याला बहुधा लागण झालेली होती, आणि मी फक्त त्याच्या चेहऱ्याकडे पाहत होते. वर्षभराने बर्फी आली. तिला निवडायला पाच महिने लागले, आणि त्यातले साडेचार महिने आम्ही एकही पिल्लू पाहिलं नाही. बर्फी आता साडेअकरा वर्षांची आहे. ते साडेचार महिने आम्ही काय करत होतो, ते इथे सविस्तर लिहिते आहे.

आधी घराचा हिशेब

हा कुत्रा कशासाठी घडवला गेला, ते माहीत असलं की पुढचं बरंच उलगडतं. स्कॉटलंडमधल्या गिसाकन इथल्या इस्टेटीवर लॉर्ड ट्वीडमाउथ यांनी १८६८ मध्ये नूस नावाचा पिवळा रिट्रीव्हर आणि बेल नावाची ट्वीड वॉटर स्पॅनिएल जातीची कुत्री यांची जोडी लावली. शिकारीत पडलेले पक्षी थंड पाण्यातून, झुडपांतून, दात न लावता उचलून मालकाच्या हातात आणून देणारा कुत्रा त्यांना हवा होता. १९११ मध्ये कुत्र्यांच्या जातींची नोंद ठेवणाऱ्या ब्रिटनच्या केनेल क्लबने या जातीला मान्यता दिली. याचा तुमच्या दोन बेडरूमच्या फ्लॅटशी संबंध असा, की हा कुत्रा दिवसभर माणसासोबत काम करण्यासाठी तयार झालेला आहे. त्याला बंगला नसला तरी चालतं, माणूस नसलेला चालत नाही. सकाळी नऊ ते संध्याकाळी सात घर बंद राहत असेल, तर कितीही मोठी गच्ची असली तरी गोल्डन आणू नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

मोठा नर ३० ते ३४ किलो भरतो, मादी २५ ते २९. एवढ्या वजनाचा कुत्रा प्रेमाने अंगावर आला तरी तीन वर्षांचं मूल पडतं आणि सत्तरीची आजी भिंतीवर आपटते. म्हणून घरातल्या प्रत्येकाला आधी विचारा, आणि "आणा की, मला काय" हे उत्तर होकार समजू नका. घरात कामाला येणाऱ्या मावशींनाही विचारा. केस रोज गळणार आहेत आणि झाडू बऱ्याचदा त्यांच्या हातात असणार आहे.

आम्ही एक प्रयोग केला होता, तो तुम्हीही करा. पिल्लू आणण्याआधी सलग दोन आठवडे, कुत्रा असल्यासारखं वागा. पहाटे पावणेसहाला उठून चाळीस मिनिटं फिरून या. संध्याकाळी पुन्हा तेवढंच. रात्री दोनला एकदा उठून खाली जाऊन या, कारण आठ आठवड्यांचं पिल्लू रात्रभर लघवी धरू शकत नाही. फ्रिजवर कागद लावा आणि कोण कधी गेलं ते लिहा. आमच्या कागदावर पहिल्या आठवड्यात नवऱ्याच्या रकान्यात दोनच खुणा होत्या. मग आम्ही बसून बोललो, आणि संध्याकाळची फेरी त्याने कायमची घेतली. हे बोलणं पिल्लू आल्यावर झालं असतं तर भांडण झालं असतं.

खर्चाचे आकडे शहरागणिक बदलतात, म्हणून मापं सांगते. मोठ्या गोल्डनला दिवसाला साधारण ३०० ते ४०० ग्रॅम कोरडं खाणं लागतं, म्हणजे महिन्याला ९ ते १२ किलो. गोचिडांचं औषध नियमित, बाराही महिने. दरवर्षी लसी. आणि एक खर्च सगळे विसरतात: गणपतीत किंवा मे महिन्यात गावी जाताना कुत्रा कुठे राहणार? सोबत नेणार असाल तर एसटी विसरा, गाडी लागेल. ठेवून जाणार असाल तर चांगली बोर्डिंगची जागा आधी स्वतः जाऊन पाहून ठेवा.

ॲलर्जीची शंका असेल तर गोल्डन असलेल्या ओळखीच्या घरात सगळे मिळून दोन-तीनदा तासभर बसा. मुलाला शिंका, डोळ्यांना खाज, अंगावर चट्टे असं काही आलं तर ते तिथेच कळेल.

सोसायटीचं म्हणाल, तर भारतीय पशुकल्याण मंडळाने २०१५ मध्ये काढलेल्या मार्गदर्शक सूचनांनुसार सोसायटीला ठराव करून कुत्रा पाळण्यावर बंदी घालता येत नाही आणि लिफ्ट नाकारता येत नाही. तरीही कुत्रा येण्याआधी शेजारच्यांना सांगायला जा. महापालिकेचा परवानाही घ्या. त्यासाठी रेबीजच्या लसीचा दाखला लागतो.

आपली हवा आणि हा कुत्रा

थंड प्रदेशात घडलेल्या या कुत्र्याच्या अंगावर केसांचे दोन थर असतात. त्याला आपल्यासारखा घाम येत नाही, तो मुख्यतः धापा टाकून अंग थंड करतो. पुण्यात, नाशकात, कोल्हापुरात हे निभावतं. मुंबई-कोकण-गोव्यात हवेतच इतकी ओल असते, की धापा टाकूनही पुरेसा गारवा मिळत नाही. नागपूर-चंद्रपूरकडे मे महिन्यात पारा ४५ अंशांवर जातो. तिथे वरच्या मजल्यावरचा, गच्चीखाली तापणारा फ्लॅट असेल आणि दुपारभर कूलर किंवा एसी चालवायची तयारी नसेल, तर दुसऱ्या जातीचा, किंवा सरळ आपल्या गल्लीतला देशी कुत्रा आणा. देशी कुत्रा या हवेत जन्मलेला असतो आणि तितकाच जीव लावतो.

उन्हाळ्यात फिरणं सकाळी सातच्या आत आणि रात्री आठनंतर. डांबरावर हाताची मागची बाजू सात सेकंद ठेवून पाहा. तुम्हाला सोसवलं नाही तर त्याच्या पंजांनाही सोसणार नाही. धाप थांबत नाही, हिरड्या गडद लाल झाल्या, चालताना झोक जातोय, असं दिसलं तर तो उष्माघात आहे. साधं पाणी अंगावर ओता, पंखा लावा आणि लगेच डॉक्टरांकडे निघा.

"उन्हाळा आहे, केस काढून टाका" हा सल्ला तुम्हाला हमखास मिळेल. तो ऐकू नका. वरचा थर उन्हापासून कातडीचा बचाव करतो, आणि भादरलेले केस पुन्हा नीट येतीलच असं नसतं. आतला मऊ थर ब्रशने काढायचा. आठवड्यातून तीन-चार वेळा, गळतीच्या दिवसांत रोज.

पावसाळ्यात कातडीपर्यंत ओला राहिलेला गोल्डन म्हणजे दोन दिवसांत लाल, चिघळलेला चट्टा. घरात आल्यावर पंच्याने पुसायचं, मग पोट, काखा आणि कानांच्या मागचे केस बोटांनी बाजूला करून कातडीला हात लावून पाहायचं. कान लोंबते असल्यामुळे आत ओल राहते. कानाला आंबूस वास आला की समजा, संसर्ग सुरू झालाय. साचलेल्या पाण्यातून उंदरांच्या मुताद्वारे लेप्टो (लेप्टोस्पायरोसिस) हा आजार पसरतो आणि तो माणसालाही होतो, म्हणून त्या लसीत खंड पडू देऊ नका.

नर की मादी, पिल्लू की मोठा

स्वभावात फार फरक पडत नाही. मादी साधारण दर सहा महिन्यांनी माजावर येते आणि दोन-तीन आठवडे ते सांभाळावं लागतं. नर अंगाने मोठा. नसबंदीची घाई करू नका. डेव्हिस इथल्या कॅलिफोर्निया विद्यापीठाने २०१३ मध्ये ७५९ गोल्डनची माहिती तपासली, तेव्हा वर्षाच्या आत नसबंदी केलेल्या नरांमध्ये खुब्याच्या सांध्याच्या विकाराचं प्रमाण नसबंदी न केलेल्यांच्या दुप्पट आढळलं. नेमकी वेळ तुमच्या डॉक्टरांशी बोलून ठरवा.

घरी लहान बाळ असेल किंवा रात्रीची जागरणं झेपणार नसतील, तर तीन-चार वर्षांचा गोल्डन दत्तक घेण्याचा विचार मनापासून करा. मालक परदेशी गेले म्हणून सोडलेले, वीण थांबली म्हणून काढून टाकलेल्या माद्या, असे गोल्डन प्राणीमित्र संस्थांकडे येत असतात. त्यांचा स्वभाव समोर दिसतो, अंदाज बांधावा लागत नाही.

फोन: एकच प्रश्न पुरेसा

पिल्लूच घ्यायचं ठरलं, तर आता ब्रीडर, म्हणजे कुत्र्यांची पैदास करून पिल्लं विकणारा. जाहिरातींत "हेवी बोन", "डबल बोन", "शो क्वालिटी", "इंग्लिश क्रीम" हे शब्द भेटतील. डबल बोन असा काही प्रकार नसतो. इंग्लिश क्रीम ही वेगळी जात नाही, ती याच जातीची फिकट छटा आहे आणि तिच्यासाठी जास्त पैसे मोजायचं कारण नाही. पिल्लाचा मोठेपणीचा रंग पाहायचा असेल तर त्याचे कान पाहा. कानांवरची छटा पुढे अंगभर उतरते, असा अनुभव आहे.

फोनवर किंमत विचारू नका. हे विचारा: "पिल्लाच्या आईला भेटायला कधी येऊ?"

मला मिळालेली उत्तरं अशी होती. "आई गावाकडे असते." "व्हिडिओ पाठवतो ना." "तुम्हाला कशाला त्रास, मीच आणून देतो." "ताई, टोकन टाका आधी, चार जण लाइनीत आहेत." यातलं एकही उत्तर आलं की फोन ठेवायचा. साधारण वीस फोनांनंतर साताऱ्याकडच्या एका बाईंनी उलट मलाच विचारलं, "दिवसा घरी कोण असतं?" तिथे मी थांबले.

कायदाही लक्षात ठेवा. २०१७ च्या श्वान प्रजनन आणि विक्री नियमांनुसार ब्रीडरने राज्य पशुकल्याण मंडळाकडे नोंदणी केलेली असायला हवी, आणि आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकता येत नाही. बाजारात सर्रास "पंचेचाळीस दिवसांचं" म्हणतात, ते साडेसहा आठवडे होतात. मधल्या दीड आठवड्यात पिल्लू भावंडांशी खेळताना फार मोठी गोष्ट शिकतं: जोरात चावलं की खेळ थांबतो. हे न शिकता आलेलं पिल्लू तुमच्या मुलांच्या हातांवर ते शिकतं.

आईला भेटायला जाणं

पिल्लं तीन-चार आठवड्यांची असताना एकदा जा आणि घ्यायच्या वेळी पुन्हा. पहिल्या भेटीला जाताना जुन्या सुती साडीचा किंवा गोधडीचा हातभर तुकडा घेऊन जा आणि आई झोपते तिथे ठेवून द्यायला सांगा. तो पुढे लागणार आहे.

त्या बाईंच्या पडवीत बर्फीची आई चटईवर आडवी होती. मी दारातच थांबले. तिने मान उचलली, उठली, माझ्या सलवारीचा वास घेतला, आत गेली आणि एक चप्पल तोंडात धरून परत आली. चप्पल माझ्या पायाशी ठेवली आणि शेपूट हलवत उभी राहिली. चपलेवर दाताची खूण नव्हती. तेवढ्यात माझ्या मुलीच्या हातातून स्टीलची बाटली फरशीवर आपटली. कुत्री दचकली, बाटलीजवळ गेली, हुंगली आणि परत येऊन बसली. दचकणं ठीक आहे, पाहायचं ते नंतरचं: सावरते की नाही. पिल्लं जवळ असतानाही अनोळखी माणसाला जवळ येऊ देते की गुरगुरते? आईचा स्वभाव रक्तातून उतरतोच, शिवाय पिल्लं पहिले आठ आठवडे तिच्याकडे पाहूनच जग ओळखतात.

आता कागद. केनेल क्लब ऑफ इंडियाचं प्रमाणपत्र आणि मायक्रोचिप पाहा, पण एवढं समजून घ्या की त्या कागदावर वंशावळ असते, तब्येत नसते. तब्येतीसाठी वेगळं विचारायचं: आई-वडिलांच्या खुब्यांचे आणि कोपरांचे एक्स-रे, दोन वर्षांच्या वयानंतर काढलेले असतील तर उत्तम. हृदयाची आणि डोळ्यांची तपासणी. खुब्याचा डिस्प्लेझिया (सांधा नीट न बसणं), कोपराचे विकार, हृदयाच्या महाधमनीचं अरुंद होणं आणि डोळ्यांचे आनुवंशिक आजार या जातीत दिसतात. अमेरिकेत राहणाऱ्या वाचकांना हे सोपं आहे. तिथे प्राण्यांच्या आनुवंशिक आजारांच्या तपासण्यांची नोंद ठेवणाऱ्या ओएफए या संस्थेच्या संकेतस्थळावर कुत्र्याचा नोंदणी क्रमांक टाकून उघड केलेले निकाल स्वतः वाचता येतात. आपल्याकडे असे अहवाल ठेवणारे ब्रीडर मोजके. अहवाल नसतील तर आई-वडिलांना तुमच्यासमोर चालवायला, पायरी चढवायला सांगा आणि मागचे पाय पाहा. सशासारखे दोन्ही पाय जोडून उडी मारत असतील किंवा उठताना पुढच्या पायांवर जोर घेत असतील, तर तिथून पिल्लू घेऊ नका. आजी-आजोबा किती वर्षं जगले आणि कशाने गेले, हेही विचारा. गोल्डनमध्ये कॅन्सरचं प्रमाण इतकं आहे, की अमेरिकेतल्या मॉरिस ॲनिमल फाउंडेशन या संस्थेने २०१२ पासून तीन हजारांहून अधिक गोल्डनचा आयुष्यभराचा अभ्यास त्यासाठीच हाती घेतला. या जातीचं सरासरी आयुष्य १० ते १२ वर्षं आहे, ते मनाशी धरूनच कुत्रा आणा.

पिल्लू निवडताना

आई पसंत पडली की अर्ध्याहून अधिक काम झालं. आता पिल्लांमध्ये जमिनीवर बसा आणि दहा मिनिटं काही करू नका. सगळ्यांना ढकलून अंगावर चढणारं पिल्लू आपल्याला "निवडतं" असं वाटतं. पहिल्यांदाच कुत्रा पाळणाऱ्या घराने ते घेऊ नये. कोपऱ्यात थिजून बसलेलंही दया म्हणून घेऊ नका. येतं, हुंगतं, जातं, पुन्हा येतं, असं मधलं पिल्लू हेरा.

मग त्याला एकटं बाजूला घ्या. मांडीवर पाठीवर धरा आणि हात छातीवर ठेवा. थोडी धडपड करून शांत झालं तर छान. कागदाचा बोळा हातभर पुढे फेका. बर्फी धावत गेली, बोळा उचलला, अर्ध्या वाटेत तिथेच बसून तो चघळायला लागली, आणि मी जमिनीवर थोपटल्यावर घेऊन आली. माणसाच्या हाकेवर परत येण्याची ही ओढच आपल्याला हवी असते.

शेवटी अंग तपासा. डोळ्यांतून घाण नको, कानाला वास नको. जेवण नसतानाही पोट नगाऱ्यासारखं असेल तर बहुधा जंत आहेत. बेंबीवर मऊ फुगवटा असेल तर तो हर्निया, डॉक्टरांना दाखवून मगच ठरवा. हिरड्या गुलाबी हव्यात. कानाच्या घडीत आणि बोटांच्या बेचक्यांत गोचिडी पाहा. लसीकरणाच्या पुस्तिकेवर लसीचा स्टिकर, तारीख आणि डॉक्टरांची सही-शिक्का असे तिन्ही हवेत. नुसत्या पेनने लिहिलेल्या ओळीला अर्थ नाही.

घरी आल्यावर

आणल्यापासून चोवीस तासांत डॉक्टरांकडे. लसींचे पुढचे डोस तीन-चार आठवड्यांच्या अंतराने सोळा आठवड्यांपर्यंत चालतात, रेबीजची लस पिल्लू तीन महिन्यांचं झाल्यावर. तोवर बाहेरच्या मातीत, अनोळखी कुत्र्यांत सोडू नका, पण कडेवर घेऊन रोज बाहेर न्या: रिक्षाचा आवाज, ढोल, कुकरची शिट्टी, काठी टेकत चालणारे आजोबा. चौदा आठवड्यांपर्यंत जे भेटतं त्याची भीती सहसा बसत नाही. घरात पूर्वी पार्व्होने पिल्लू गेलं असेल, तर विषाणू कित्येक महिने टिकतो. आम्ही फरशी ब्लीचच्या पाण्याने धुऊन काढली, जुने पांघरूण आणि भांडी फेकली आणि वर्ष जाऊ दिलं.

खाणं ब्रीडरकडे होतं तेच पहिला आठवडा ठेवा, मग हळूहळू मोठ्या जातीच्या पिल्लांसाठीच्या खाण्यावर या. दूध-पोळीवर गोल्डन वाढत नाही. आणि कॅल्शियमचं सिरप: "हाडं मजबूत होतील" म्हणून ते सगळे सुचवतात. समतोल खाणं चालू असताना वरून दिलेलं कॅल्शियम मोठ्या जातीच्या पिल्लाच्या हाडांची वाढ बिघडवतं. डॉक्टरांनी तपासून सांगितल्याशिवाय एक चमचाही देऊ नका. मनुका, बेदाणे, द्राक्षं, चॉकलेट, कांदा, लसूण घरात त्याच्या तोंडी पोचणार नाहीत असे ठेवा. दिवाळीत पाहुण्यांना हे आधी सांगून ठेवा.

गुळगुळीत व्हिट्रिफाइड टाइल्सवर पिल्लाचे मागचे पाय फाकतात आणि वाढत्या खुब्यांना ते वाईट. शहाबादी फरशी असेल तर नशीब समजा. नसेल तर त्याच्या येण्या-जाण्याच्या वाटेवर रबरी चटया किंवा जुन्या सतरंज्या टाका. वर्षभर जिने उतरवू नका, उचलून न्या, आणि उंचावरून उड्या मारू देऊ नका.

राहिली पहिली रात्र. पिल्लू रडणार. त्याला बाल्कनीत किंवा स्वयंपाकघरात एकटं ठेवू नका, तुमच्या पलंगाशेजारी खोक्यात झोपवा आणि आईजवळ ठेवलेला तो कापडाचा तुकडा खोक्यात घाला. बर्फी साडेअकरापर्यंत कुरकुरली. मी हात खाली सोडून पडून राहिले. अडीच वाजता तिला खाली नेऊन आणलं, तेव्हा ती खोक्यात शिरली, नाकाने साडीचा तुकडा कोपऱ्यात ढकलला, त्यात तोंड खुपसलं आणि उजाडेपर्यंत उठली नाही.